एका पासपोर्टची किंमत : नऊ सामने

नीलकंठ खंबोलजा हे नाव तुम्ही ऐकलंय? बहुतेक नसेल. मग अराता इझुमी? पुण्यात बालेवाडीला जाऊन पुणे एफसीचे सामने पाहिलेली जी थोडी मंडळी आहेत, ती इथे मान डोलावतील. हो, तो जपानी. मिडफिल्डमध्ये खेळायचा. छान खेळायचा.

ही दोन्ही नावं एकाच माणसाची. आई जपानी, वडील गुजराती. जन्म 1982 चा, जपानमधल्या शिमोनोसेकीचा. 2006 मध्ये तो ईस्ट बंगालकडून खेळायला कोलकात्यात आला. तिथून मुंबईत महिंद्रा युनायटेडकडे गेला आणि 2009 पासून पुण्यात स्थिरावला. भारताकडून खेळता यावं म्हणून त्याने जपानचं नागरिकत्व सोडलं आणि भारताचं घेतलं. फेब्रुवारी 2013 मध्ये कोचीत पॅलेस्टाइनविरुद्ध त्याने भारताची जर्सी पहिल्यांदा घातली. तो सामना आपण 4-2 असा हरलो. तेव्हा तो तीस वर्षांचा होता. त्यानंतर आणखी काही सामने झाले आणि मग बोलावणं बंद झालं. एकूण हिशोब : नऊ सामने.

नऊ सामन्यांसाठी जन्माचा पासपोर्ट.

संघात कुणाला घ्यायचं हा प्रशिक्षकाचा अधिकार आहे. तिशीतल्या मिडफिल्डरला वगळणं हा काही गुन्हा नाही, त्यामुळे माझं भांडण त्या निवडीशी नाही. भांडण आहे ते या व्यवहाराच्या अटींशी. प्रशिक्षकाचं मत दर सामन्याला बदलू शकतं. सोडलेलं नागरिकत्व मात्र पुढच्या सामन्याला परत मिळत नाही. एका बाजूने सगळं कायमचं द्यायचं, आणि दुसऱ्या बाजूने ‘बघू, फॉर्म कसा आहे ते’ एवढंच म्हणायचं. असा करार तुमच्या घरात कुणी सही करायला आणला, तर तुम्ही त्याला दारातूनच परत पाठवाल. देशाच्या नावाने आणला की आपण त्याला त्याग म्हणतो आणि टाळ्या वाजवतो.

आता या अटी आल्या कुठून ते बघू. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. 1955 च्या नागरिकत्व कायद्यानुसार भारतीय माणसाने आपणहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, की भारताचं आपोआप जातं. बाहेरून इकडे यायचं तरी तोच न्याय. आई किंवा वडील भारताचे नागरिक असले, तर वर्षभर इथे राहून अर्ज करता येतो, पण आधीचं नागरिकत्व सोडावंच लागतं. अधेमधे आपण ‘ओसीआय’ नावाचं एक कार्ड काढलं. त्याचं पूर्ण नाव ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’. नावात सिटिझन आहे, पण हातात असतो तो फक्त आयुष्यभराचा व्हिसा. त्यावर मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही आणि देशाकडून खेळताही येत नाही.

टेनिससारख्या खेळात पूर्वी थोडी फट होती. अमेरिकन पासपोर्ट असलेला प्रकाश अमृतराज भारताकडून डेव्हिस कप खेळला. 2008 मध्ये क्रीडा मंत्रालयाने ती फट बुजवली : भारतीय पासपोर्ट असेल तरच भारताचा संघ. फुटबॉलमध्ये तर ही फट कधी नव्हतीच, कारण फिफाला नागरिकत्वच लागतं. फरक इतकाच की जगातल्या बऱ्याच देशांमध्ये एका माणसाला दोन नागरिकत्वं ठेवता येतात, त्यामुळे फिफाची ही अट तिथे कुणाला टोचत नाही. आपल्याकडे ती माणसाचे दोन तुकडे करते.

न्यायाने बोलायचं तर जपानचा कायदाही असाच आहे. तिथेही दुसरं नागरिकत्व आपणहून घेतलं की पहिलं जातं. म्हणजे इझुमी दोन हट्टी घरांच्या मधोमध उभा होता. पण त्यातल्या एका घराला तो हवा होता. जपानच्या राष्ट्रीय संघाला त्याची गरज नव्हती, आपल्याला होती. ज्याला गरज असते, त्याने दोन पावलं पुढे यायचं असतं. आपण दार किलकिलं केलं आणि आतूनच ओरडलो, ‘चपला बाहेर सोडून ये, आणि आईलाही बाहेरच ठेव.’

भारतीय पासपोर्टवर त्याचं नाव आलं नीलकंठ खंबोलजा. नाव सुंदर आहे, वडिलांच्या घरचं आहे, त्याने ते आनंदाने घेतलंही असेल. तरी मला ते वाचताना आपल्याकडची लग्नं आठवतात. तांदळाचं ताट, त्यात अंगठीने लिहिलेलं नवरीचं नवं नाव, भोवती हसणारी माणसं. काल रात्रीपर्यंत जी सुषमा होती ती आज सायली. तिला विचारलं तर तीही हसते. पण ज्या घरात येण्यासाठी जुनं नाव पुसावं लागतं, ते घर आपल्याला सामावून घेतंय की बदलून घेतंय, हा प्रश्न आता मुली मोठ्याने विचारू लागल्या आहेत. खेळाडूंच्या बाबतीत तो कुणी विचारत नाही.

निष्ठेची परीक्षा म्हणाल तर ती इझुमीने पासपोर्टच्या कितीतरी आधी दिली होती. कोलकात्याच्या चिखलात, मुंबईत कूपरेजवर, पुण्यातल्या रिकाम्या स्टँडसमोर तो हंगामामागून हंगाम खेळला. ज्या लीगचे सामने आपण टीव्हीवरही बघत नव्हतो, त्या लीगमध्ये तो घाम गाळत होता. 2012-13 च्या आय-लीगमध्ये पुणे एफसी दुसरी आली, चर्चिल ब्रदर्सच्या मागे. महाराष्ट्रातल्या क्लबसाठी ही साधी गोष्ट नव्हती. ज्या माणसाने आपल्या गावच्या मैदानावर आपल्या गावच्या क्लबसाठी वर्षं घालवली, त्याला ‘तू आमचा आहेस कशावरून?’ असं विचारायचं, आणि त्याचं उत्तर दुसऱ्या देशाच्या दूतावासातल्या कागदावर शोधायचं, हा अजब कारभार आहे.

आता ज्याने नकार दिला त्याच्याकडे बघू. मायकेल चोप्राचे वडील भारतीय वंशाचे, आई इंग्लिश. न्यूकॅसलमध्ये वाढला. 2006 मध्ये न्यूकॅसल-संडरलँड सामन्यात बदली म्हणून उतरला आणि काही सेकंदांत गोल केला. त्याला भारताकडून खेळायचं होतं, तो ते बोलूनही दाखवत होता. अट तीच होती : ब्रिटिश पासपोर्ट सोड. ते जमलं नाही. पुढे 2014 मध्ये तो केरला ब्लास्टर्सकडून खेळायला आला, पण तेव्हा त्याचे चांगले दिवस सरले होते. इंग्लंडमध्ये घरदार, लेकरंबाळं, पोटापाण्याचा धंदा असलेल्या माणसाने तिथल्या नागरिकत्वावर पाणी सोडायचं, आणि ते वर्षाकाठी आठ-दहा सामन्यांसाठी! त्याच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? मी तरी नसतं सोडलं. आणि म्हणून माझं भारतावरचं प्रेम कमी आहे असं कुणी म्हणालं असतं, तर मी त्याच्याशी बोलणं सोडलं असतं.

हे सगळं जुनं झालं म्हणाल, तर 2025 कडे या.

25 मार्च, शिलाँग. आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत भारत विरुद्ध बांगलादेश. आपल्याकडे गोल करायला माणूस नाही म्हणून चाळिशीतल्या सुनील छेत्रीला निवृत्तीतून परत आणलेलं. समोरच्या संघात एक नवा खेळाडू पहिलाच सामना खेळतोय : हमझा चौधरी. जन्म इंग्लंडमधल्या लाफबराचा, आई बांगलादेशी, वडील कॅरेबियन बेटांवरच्या ग्रेनाडाचे. इंग्लंडच्या 21 वर्षांखालील संघातून खेळलेला, लेस्टर सिटीबरोबर 2021 चा एफए कप जिंकलेला. बांगलादेशने त्याला काय सोडायला लावलं? काहीच नाही. त्याला आणखी एक पासपोर्ट दिला, फिफाकडून परवानगी मिळवली आणि लाल-हिरवी जर्सी हातात ठेवली. सामना 0-0 सुटला.

18 नोव्हेंबरला ढाक्यात परतीचा सामना झाला. आपण 1-0 ने हरलो. बांगलादेशने भारताला हरवल्याला बावीस वर्षं झाली होती. या वेळी आपल्याकडेही एक पाहुणा होता. रायन विल्यम्स, जन्म पर्थचा, आई मुंबईची. त्याचे आजोबा लिंकन ग्रोस्टेट 1950 च्या दशकात मुंबईकडून संतोष ट्रॉफी खेळले होते. रायन इंग्लंडमध्ये फुलहॅम, पोर्ट्समथकडून खेळला, 2019 मध्ये ऑस्ट्रेलियाकडून एक मैत्रीपूर्ण सामनाही खेळला आणि 2023 पासून बेंगळुरू एफसीत आहे. ऑस्ट्रेलिया दुहेरी नागरिकत्व मानतं. त्या देशाने त्याला काहीही सोडायला सांगितलं नव्हतं. आपण सांगितलं. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्याने ऑस्ट्रेलियन पासपोर्ट दिला आणि आजोबांच्या देशाचा घेतला. संघाबरोबर त्याचं नाव लागलं, पण संघबदलाचे कागद वेळेत पूर्ण झाले नाहीत. ढाक्यात तो मैदानात उतरू शकला नाही. हमझा उतरला.

एक बाजू मोजत होती की आपल्याकडे आणखी काय येतंय. दुसरी बाजू मोजत होती की आधीचं सगळं नीट सोडलंय ना. निकाल फळ्यावर आहे.

लगेच तीन आक्षेप येतील. त्यातला एकही मूर्खपणाचा नाही, म्हणून उत्तरं देतो.

पहिला : बाहेरचे आले तर आपल्या पोरांचं काय? ठीक. मग आपल्या पोरांचं काय झालं ते महाराष्ट्रापुरतं सांगतो. महिंद्रा युनायटेडचा संघ 2010 मध्ये बंद झाला. पुणे एफसीने काही वर्षांतच गाशा गुंडाळला. पुढे एफसी पुणे सिटीही 2019 मध्ये संपली आणि तिची जागा हैदराबादला गेली. कोल्हापुरात लोक फुटबॉलसाठी जीव टाकतात, तालमींच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरतं, पण तिथल्या पोराला वर चढायला जी शिडी लागते तिच्या पायऱ्या अशा एकेक करून काढून नेल्या गेल्या. हे इझुमीने केलं नाही. त्याने उलटं केलं. खेळणं थांबल्यावर तो मुंबईच्या बाजूला एका युवा अकादमीत आपल्याच पोरांना शिकवू लागला. ज्याला नऊ सामन्यांनंतर विसरलो, तो अजून इथेच आहे, आणि ज्यांनी क्लब बंद केले त्यांच्या देशप्रेमाचा दाखला कुणीही मागितलेला नाही.

दुसरा आक्षेप : मलेशियाचं काय झालं? खरं आहे. 2025 मध्ये फिफाने मलेशियाच्या सात खेळाडूंवर बंदी घातली. त्यांचे आजी-आजोबा मलेशियात जन्मले असे कागद सादर झाले होते. तपासात त्यांची जन्मगावं अर्जेंटिना, ब्राझील, स्पेन, नेदरलँड्समध्ये निघाली. ही चक्क फसवणूक होती. पण खोट्या नोटा छापल्या जातात म्हणून कुणी पैसे वापरणं बंद करत नाही. ज्याचे आजोबा खरोखर संतोष ट्रॉफी खेळले, त्याला खोट्या आजोबांची शिक्षा कशाला? आणि हेही कबूल करतो की आडनावं शोधत परदेशी क्लबांच्या याद्या चाळणं म्हणजे फुटबॉल धोरण नव्हे. चार परदेशस्थ आणून आपण विश्वचषकाला जाणार नाही. माझा मुद्दा जिंकण्याचा नाहीच. विल्यम्स भारताकडून एकही गोल न करता निवृत्त झाला, तरी त्याच्याकडून जे मागितलं ते चूकच राहील.

तिसरा आक्षेप सगळ्यांत खोल आहे : दोन देश असलेल्याची निष्ठा कुणाशी? आपली भाषाच इथे संशयाने भरलेली आहे. दोन डगरींवर पाय, दुटप्पी, दुतोंडी. ‘दोन’ आलं की मराठीला कुठेतरी लबाडीचा वास येतो. फुटबॉलचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. 2010 च्या विश्वचषकात जेरोम बोआटेंग जर्मनीकडून आणि केव्हिन-प्रिन्स बोआटेंग घानाकडून एकमेकांविरुद्ध खेळले. वडील एकच, घानाचे. आया वेगवेगळ्या, दोघी जर्मन. दोन्ही भाऊ बर्लिनमध्ये वाढलेले. 2014 मध्ये पुन्हा तेच झालं. निष्ठा रक्तात किंवा जन्मगावात असती, तर या दोघांचा हिशोब कसा लावणार? आयर्लंड 1990 मध्ये विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचलं, तेव्हा त्या संघात इंग्लंडमध्ये जन्मलेल्यांची गर्दी होती, आणि डब्लिनच्या रस्त्यांवर त्यांच्यासाठी लोक नाचले. 2022 मध्ये मोरोक्को उपांत्य फेरीत गेलं, तेव्हा 26 पैकी 14 खेळाडू मोरोक्कोबाहेर जन्मलेले होते. माद्रिदमध्ये जन्मलेल्या अश्रफ हकीमीने स्पेनविरुद्धच्या शूटआउटमध्ये शेवटची पेनल्टी मारून स्पेनलाच घरी पाठवलं. त्याने स्पेनचं नागरिकत्व सोडलं असतं, तर ती पेनल्टी काय जास्त जोरात गेली असती?

आयर्लंडचं नाव निघालंच आहे तर एक आठवण करून देतो. 2017 मध्ये लिओ वराडकर तिथले पंतप्रधान झाले. आई आयरिश, वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. त्या दिवशी तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय आलं होतं ते आठवा. मराठी माणूस, कोकणचा सुपुत्र, सिंधुदुर्गाचा झेंडा. त्यांचा जन्म डब्लिनचा, पासपोर्ट आयर्लंडचा. त्याने आपल्याला काही फरक पडला नाही. तेव्हा अर्धं रक्त पुरलं. सुनीता विल्यम्स अवकाशात गेली की ती आपली. कमला हॅरिस निवडून आली की तमिळनाडूतल्या गावात फटाके. बाहेर जाऊन मोठ्या झालेल्या अर्ध्या माणसाला आपण पूर्ण मोजतो. आणि आपल्या दारात येऊन ‘मला तुमच्यासाठी खेळू द्या’ म्हणणाऱ्या माणसाला आपण अर्धा मोजतो, उरलेलं अर्धं कापून आण म्हणतो.

याला माझ्या मते एकच शब्द आहे : कंजूषपणा. अभिमान फुकट मिळत असेल तेव्हा आपण जगाचे काका होतो. जबाबदारी घ्यायची वेळ आली की कलम दाखवतो.

हा प्रश्न फक्त फुटबॉलचा असता, तर मी इतका घसा फोडला नसता. गोव्यात जा. 1961 पूर्वी पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं. हजारो गोंयकारांनी ते घेतलं, कारण त्या पासपोर्टवर युरोपात काम मिळतं. घेतलं की भारताचं गेलं. एकाच घरात आई भारतीय, मुलगा पोर्तुगीज. त्याच अंगणात वाढलेला, तिथल्याच चर्चच्या मैदानावर फुटबॉल शिकलेला, मासळीच्या भावावरून तितक्याच तावातावाने भांडणारा तो मुलगा कायद्याने परदेशी. ऑक्टोबर 2025 मध्ये मडगावच्या फातोर्डा स्टेडियममध्ये सिंगापूरने आपल्याला 2-1 ने हरवलं आणि आशियाई चषकाचं आपलं स्वप्न संपलं. त्या गॅलरीत आपल्यासाठी ओरडणाऱ्या किती जणांच्या खिशात पोर्तुगालचा पासपोर्ट होता, ते कोण मोजणार? आणि त्यांच्या ओरडण्यात काय कमी होतं?

कायदा बदलणं सोपं नाही, हे मला समजतं. फाळणीतून जन्मलेल्या देशाला दोन नागरिकत्वांची भीती वाटली, यामागे कारण होतं. सुरक्षेचे प्रश्न खरे आहेत. मतदान, सरकारी पदं, लष्कर यांच्यासाठी कडक अटी ठेवा, कुणाचीच हरकत नाही. पण आई मुंबईची असलेल्या, इथे वर्षानुवर्षं राहून, इथे कर भरून इथल्याच क्लबकडून खेळलेल्या माणसाला दुसरा पासपोर्ट न फाडता भारताचं नागरिकत्व मिळावं, एवढी वाट संसदेला काढता येणार नाही, हे मला पटत नाही. ‘सिटिझन’ नावाचं कार्ड आपणच छापलंय. आता त्या शब्दाला जागा, एवढंच मागणं आहे.

आणि तोवर निदान बोलणं तरी सुधारू. ‘अर्धा भारतीय’ म्हणणं सोडू. इझुमीची आई जपानी होती म्हणून वडिलांचं गुजरात निम्मं झालं नव्हतं. ज्याला आई आहे आणि वडीलही आहेत, त्याला आपण अर्धा पोरका म्हणत नाही.

मुंबईच्या बाजूला कुठल्यातरी मैदानावर तो आजही एखाद्या बारा-तेरा वर्षांच्या पोराला सांगत असेल, पास द्यायच्या आधी मान वर करून बघ. त्या पोराला माहीत नसेल की आपला सर देशाकडून खेळलाय. नऊ वेळा. आणि त्या नऊ वेळांसाठी त्याने काय दिलं, ते आपण त्याला सांगितलेलं नाही. सांगायला आपल्यालाच जरा लाज वाटायला हवी.